तेवीस नंबरचं घर

भिकनभाऊ गेल्याचा फोन पाचोऱ्याहून आला, तेव्हा मी धुळ्यात माझी टपाल तिकिटं चाळत बसलो होतो. खरं सांगतो, वाईट वाटायच्या आधी मनात आलं... आता त्यांच्या अल्बमचं काय होणार? दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी रसायनशास्त्राचा मास्तर, एम.एस्सी. झालेला, ते प्रयोगशाळेत परिचर, दहावी पास. विज्ञानाच्या तिकिटांचा नाद त्यांना मीच लावला आणि तिथेच माझं चुकलं. माझा संग्रह चारचौघांसारखा, देशवार. यांनी काय करावं? भिंतीवरच्या आवर्तसारणीसारखं प्रत्येक मूलद्रव्याला एकेक घर आखलं आणि त्यात त्याचं तिकीट लावलं. तांब्याला खाण, सोडियमला चक्क मिठागर! हे मला का सुचलं नाही, म्हणून मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. माझ्या तासाला जांभया देणारी पोरं मधल्या सुट्टीत त्यांच्याभोवती जमून अणुक्रमांक घडाघडा म्हणत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पहिल्या तीस घरांत एकच रिकामं होतं. तेवीस नंबर, व्हॅनेडियम. त्याचा शोध मेक्सिकोतला, आणि एका अदलाबदलीत त्या शोधावरचं मेक्सिकोचं तिकीट माझ्याच हाती लागलं. द्यायला निघालोही होतो, पण प्रयोगशाळेच्या दारातच पाय अडला. आत पोरं त्यांच्याबरोबर हसत होती. तिकीट खिशातच राहिलं. निवृत्तीनंतरही शिंदखेड्याला लेकीकडे जाताना भाऊ धुळ्यात उतरायचे, चहा घ्यायचे आणि विचारायचे, "सर, तेवीस नंबर भेटना का?"

"नाही हो, भाऊ."

"ऱ्हाऊ द्या. भेटी जाई."

भाऊ गेल्यावर पाचोऱ्याला भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी अल्बम माझ्या हातात ठेवला. "त्यासनी सांगेल व्हतं, बठ्ठं सरलेच देवानं. नाद सरनीच लायेल शे." सगळं मलाच द्यायचं, असं भाऊ सांगून गेले होते.

अल्बम आता माझ्या टेबलावर असतो. पानांना स्पिरिटच्या दिव्याचा वास येतो. रोज संध्याकाळी मी ड्रॉवरमधलं ते तिकीट चिमट्यात धरतो आणि तेविसाव्या घरावर नेतो. मापात बसतं. पण लावलं की पान पूर्ण होईल, आणि पूर्ण झालेलं पान भिकनभाऊंचंच असेल... हात मागे येतो. ड्रॉवर बंद करताना त्यांचा प्रश्न ऐकू येतो, आणि मी अजूनही नाहीच म्हणतो.