खिळ्यावर चढलेले तांबे

अणूमध्ये धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार असताना तो विद्युतदृष्ट्या उदासीन का असतो, आणि त्याचा आयन केव्हा होतो? हा प्रश्न मी वर्गात अनेकदा विचारला आहे. त्याचे उत्तर नीट लिहावेसे वाटले ते निफाडजवळच्या ताईच्या द्राक्षबागेतील प्रसंगामुळे.

छाटणीनंतरची कोवळी पाने होती आणि दमट हवेत डावणी या बुरशीरोगाची धास्ती. दाजींनी पिंपात बोर्डो मिश्रण केले होते : मोरचुदाचे, म्हणजे कॉपर सल्फेटचे, निळे पाणी आणि कालवलेला चुना. चुना कमी पडला तर तांब्याचे आयन मोकळे राहतात आणि पान करपते. म्हणून फवारणीआधी लोखंडी विळा बुडवून पाहण्याची तिथे रीत आहे. त्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालायचा. त्या दिवशी विळा सापडेना, तेव्हा दाजींनी स्वयंपाकघरातली स्टीलची सुरी बुडवली. ती लख्ख निघाली. फवारणी सुरू झाली.

मी पोचले तेव्हा दोन ओळी झाल्या होत्या. चुन्याची गोणी उघडी राहून आत ढेकळे झालेली दिसली. असा चुना हवेने निकामी होतो. मी लोखंडी खिळा मागितला.

"मेव्हणीबाई, बागेतबी शाळा भरवता का?" दाजी हसले.

"अहो, द्या की तिला," ताई म्हणाली. "पानं गेली तर घड काय हवेवर पोसायचे?"

खिळा तांबूस होऊन निघाला.

"सुरीवर तर काहीच नव्हतं!" दाजींचे हसू गेले.

मी सांगू लागले. अणूत जितके धन प्रोटॉन तितकेच ऋण इलेक्ट्रॉन, म्हणून तो उदासीन. प्रोटॉन केंद्रकात घट्ट असतात. देवाणघेवाण होते ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची, आणि ते कमी-जास्त झाले की अणूचा आयन होतो. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि धन आयन होऊन पाण्यात जातो. तांब्याचा आयन ते घेतो, उदासीन होतो आणि खिळ्यावर बसतो. स्टेनलेस स्टीलवरचा ऑक्साइडचा पातळ थर ही देवाणघेवाण अडवतो.

"ते कळलं गं. पण त्या दोन ओळींचं काय?" ताईने मध्येच विचारले.

ते मला ठाऊक नव्हते. आम्ही साध्या पाण्याने पाने धुतली. पुढे त्यांच्या कडा तपकिरी झाल्या, काही कोवळे घड सुकले. दाजी म्हणाले, उन्हाने. ते खोडून काढण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. ताई त्या ओळींकडे जायचे टाळते.

सुरी आणि खिळ्यातला फरक मात्र तपासता येतो. हातमोजे घालून, स्वयंपाकाचे नसलेले भांडे घेऊन, मोरचुदाच्या पाण्यात दोन्ही बुडवा. कृपया माझ्यावर विसंबू नका, स्वतः पाहा.