साडूपेक्षा एक बोट खाली

साडूचं घर माझ्या घरापेक्षा मोठं आहे, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्याची नोकरी वरच्या पदाची आहे, तेही मी सोडून दिलं. पण त्यानं स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

आमच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, एकाच दसऱ्याला घेतलेल्या. मी नांदेडला, तो लातूरला आणि सासुरवाडी उदगीरला. सासऱ्यांच्या दारात दोन्ही गाड्या शेजारी लागल्या की जुळ्या वाटायच्या. मग एकदा त्याची आली ती बसकी होऊन. चाक आणि पत्रा यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा. माझी तिच्या शेजारी टाचा उंच करून उभी असल्यासारखी दिसत होती.

दिसण्याचं एक वेळ सोसलं असतं, पण मध्ये सासऱ्यांची कंबर आली. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. मणक्यात गॅप आणि डोक्यात उदगीर जिल्हा. या अधिवेशनात नाही तर पुढच्या अधिवेशनात जिल्हा होणारच, ही त्यांची खात्री. दिवस दुष्काळाचे होते. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीरच्या नळांचं तर विचारूच नका. तरी त्या घरात पाण्याआधी जिल्ह्याचा विषय निघायचा. जिल्हा झाला की पाणी येईल, मणक्याचा डॉक्टर येईल, सगळं येईल. तोवर मात्र दवाखान्याला आणि जिल्ह्याच्या बैठकांना त्यांना लातूर गाठावं लागायचं, आणि न्यायला साडूची गाडी यायची.

मी रविवारी नांदेडहून डिक्की भरून पाण्याचे कॅन आणायचो. सासूबाई कॅन उतरवून घेताना तोंड भरून बोलायच्या. सासरे मात्र चहा बशीत ओतता ओतता सांगायचे, "लातूरची गाडी लई आरामाची हाय. कंबर हाय का न्हाई, कळत न्हाई." गोदावरीचं पाणी वाहून आणणारा मी आणि कौतुक त्याच्या स्प्रिंगांचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी ठरवलं, आपणही गाडी खाली घ्यायची. खिशाला परवडेल आणि सासऱ्यांच्या कंबरेला मानवेल अशीच. नांदेडातली गॅरेजं पालथी घातली. एकानं आहे तीच स्प्रिंग कापून देतो म्हटलं, सगळ्यात स्वस्तात. तशी कापलेली एक गाडी त्याच्या दारात होती. तिच्यातून चक्कर मारली तर दाढा दाढांवर आपटल्या. दुसऱ्याकडं पान्यानं हवी तेवढी वरखाली करता येणारी महागडी जात होती. किंमत ऐकून मी पाणी मागितलं, आणि त्या दिवसांत पाणी मागायचीही चोरी. मधला मार्ग होता तयार आखूड स्प्रिंगांचा आणि त्यांच्या जोडीच्या शॉकअपचा. गाडी थोडीच खाली येते, वळणावर कलत नाही, खड्डाही मऊ लागतो. गॅरेजवाला म्हणाला, रोजच्या वापराला हेच घ्या आणि याच्याखाली जाऊ नका, मग शॉकअपला दबायला जागाच राहत नाही.

मला सगळं पटलं होतं. पण निघता निघता मी साडूच्या गाडीचा फोटो दाखवला आणि विचारलं, ही किती खाली आहे? तो म्हणाला, मी सांगतोय तेवढीच. मग माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, मला हिच्यापेक्षा एक बोट आणखी खाली पाहिजे. त्यानं तोंड वाकडं केलं आणि आणखी आखूड स्प्रिंगा बसवून दिल्या.

त्याच आठवड्यात सासऱ्यांना नांदेडच्या डॉक्टरला दाखवायचं मी काढलं, साडूला सुचायच्या आत. बायकोला घेऊन निघालो. डिक्कीत कॅन होते, त्यामुळं गाडी मागून आणखीच बसली आणि गावागावात पोट घासत गेली. बायको म्हणाली, अर्धे कॅन कुणाला तरी देऊन टाका. मी रेडिओ मोठा केला. उदगीरला सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली. एवढ्यावर मी खूश झालो.

परतीला कॅन रिकामे होते, तरी प्रत्येक खड्ड्याला खालून धप्प आवाज यायचा आणि शेजारी बसलेले सासरे ओठ आवळायचे. आमच्याकडं गावात अपघात झाला की लोक सरकारची वाट बघत नाहीत. मुरूम, दगड टाकून स्वतःच स्पीडब्रेकर घालतात. त्याची उंची गावाच्या रागावर ठरते. मुखेडच्या अलीकडं असल्याच एका रागावर आमची गाडी पोट टेकून बसली. चाकं नुसती फिरली. आम्ही सगळे उतरलो. टँकरच्या वाटेवर घागरी मांडून बसलेले लोक उठून आले आणि त्यांनी गाडी मागं ढकलून दिली.

सासरे कंबरेवर हात ठेवून रस्त्याकडेला वाकून उभे होते. त्यांना तसं बघून मला रडूच यायचं बाकी होतं. मी म्हटलं, "मामा, खरं सांगा, त्यांच्या गाडीत असं काय आहे?"

"मला गाडीतलं काय कळतंय, पाव्हणं?" ते म्हणाले. "थोरली लेक चालवती. खड्डा दिसला की आधीच सांगती, अण्णा, धरा. मी धरतो."

इतके दिवस मी धरूनच चाललो होतो की गाडी साडू चालवतो. तो कुठं असतो, असं विचारलं. तो मागं बसून पेपर वाचतो, असं कळलं.

तेवढ्यात बायकोनं माझ्यापुढं हात केला. "किल्ली द्या."

तिला गाडी येत नाही, हे मी सांगणार होतो, पण ती बसलीसुद्धा. तिनं गाडी त्या उंचवट्यावर तिरकी घेतली, एकेक चाक चढवत, एकेक उतरवत. कुठं घासलं नाही. मग सासरे तिच्या शेजारी बसले आणि मी मागं, रिकाम्या कॅनांशेजारी. ती "अण्णा, धरा" म्हणायची, ते धरायचे आणि पुन्हा जिल्ह्याचं बोलणं सुरू करायचे. माझ्याजवळ बसून ते इतकं कधी बोलले नव्हते. मला आता बायकोचाही हेवा वाटायला लागला.

नायगाव मागं पडल्यावर मी विचारलं, हे शिकलीस कुठं?

"ताईच्या गाडीवर," ती आरशातून माझ्याकडं बघत म्हणाली. "दाजींनी शिकवलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले. म्हणाले, त्यांना उगाच वाईट वाटंल."