खंडेनवमीची गिटार
ओल्या लाकडाचा वास आला की मला ती खंडेनवमी आठवते. लढाई संपून दादा मेढ्याला घरी आला, तेव्हा खांद्यावर बारा तारांची जुनी गिटार होती. विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या शिपायाकडून त्याने ती छावणीत विकत घेतली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून तो ती वाजवायचा. लढाईबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. खंडेनवमीला तो साताऱ्याहून परतला, तर आईने विळ्याकोयत्यांबरोबर गिटारही हौदावर नेऊन धुतली होती आणि हळदकुंकू लावून घटापुढे मांडली होती. "तुज्या हातातलं हत्यार हाय, त्येला बिनपूजेचं कसं ठेवू?" ती म्हणाली. गिटारीच्या पोटातलं पाणी अजून सारवलेल्या जमिनीवर ठिबकत होतं. लाकूड चिकटवलेला सरस भिजला होता आणि ताणलेल्या तारा त्यांना धरून ठेवणारी लाकडी पट्टी ओढत होत्या, हे मलाही दिसत होतं. "आये, तारा तेवढ्या सैल करतो," दादा म्हणाला. "पूजेतलं हत्यार दसऱ्यापातूर हलवत न्हाईत रं. द्येवीनं तुला जित्ता धाडला, औंदा तरी रीत मोडू नगंस." तो भिंतीला टेकून बसला, शेजारी मी. दिवेलागणीला आई आरती ओवाळत असताना पट्टी उखडली आणि बाराही तारा एकदम झणाणल्या. आईचे डोळे भरून आले. "पावली रं द्येवी," ती म्हणाली. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. आज मी आईच्या त्या वेळच्या वयाची झाले, तरी तिला तेव्हा काय सांगायला हवं होतं, ते मला सुचत नाही.