माझ्या बाजूचा ब्रेक

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, देवपूरच्या घराच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत घालत होते. सुनंदा माझी भावजय, जळगावला असते. "अक्का, हे..." एवढंच म्हणाली आणि पुढं नुसतं रडणं. माझ्या हातातला ओला बिबडा तसाच गळून पडला. हे म्हणजे विजू, माझा धाकटा भाऊ. सकाळी त्यानं रोजच्यासारखी गाडी पुसली, छातीत जरा जड वाटतंय म्हणून पायरीवर टेकला आणि चहा टाक म्हणाला. सुनंदा कप घेऊन बाहेर आली तोवर सगळं संपलं होतं. फडकं अजून त्याच्या हातातच होतं म्हणे.

खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही. भीती वाटली. आणि पहिली भीती कसली, तर आता जळगावला कुणाच्या गाडीत बसून जायचं! काय बाई आहे असं लोक म्हणतील, तर म्हणू देत. ज्यांना गाडीत बसून झोप लागते त्यांना हे कळायचं नाही. शेवटी शेजारच्या मुलानं गाडी काढली. मी मागं बसले, डोळे गच्च मिटून घेतले आणि धुळ्यापासून जळगावपर्यंत उजवा पाय खाली दाबत राहिले. पायाखाली नुसती चटई होती. माझा ब्रेक नव्हता.

हा माझा ब्रेक काय प्रकार आहे, ते आधी सांगते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. शिरपूरहून येताना आमची काळीपिवळी जीप रस्ता सोडून कडेच्या चारीत गेली. मेलं कुणी नाही, लागलंही कुणाला फारसं नाही. माझ्या फक्त बांगड्या फुटल्या. पण त्या दिवसापासून गाडीचं दार लागलं की माझ्या पोटात गोळा येतो तो येतोच. एसटी चालते, कारण ती मोठी आणि पुढचं काही दिसत नाही. रेल्वे चालते. कार म्हटलं की गाळण उडते. शाळेत पंचवीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई मी, पण समोरून ट्रक आला की चक्क "आई गं!" करून किंचाळते. यजमान होते तोवर त्यांनी दोनदा-तीनदा प्रयत्न करून नाद सोडला. ते गेल्यावर तर मी घर, शाळा आणि भाजीबाजार एवढीच उरले.

आणि माझ्याच पाठीवर हा जन्मला, गाड्यांसाठी वेडा! त्याचं दुकान मोटारींचंच होतं, पण शेतातल्या, विहिरीवरच्या. गिऱ्हाईक पंपाचा भाव विचारायला यायचं आणि गाडीवरचं व्याख्यान ऐकून जायचं. त्याची स्वतःची गाडी जुनी, चौकोनी, दुधाळ रंगाची. बारीक खांब आणि ह्या एवढाल्या काचा. "गाडी म्हणजे चारी बाजूंनी बघता यायला पाहिजे," म्हणायचा. "हल्लीच्या गाड्यांना मागं खिडकी नसते, फट असते. आणि तोंडं बघ त्यांची, सगळ्या भांडून आल्यासारख्या. कुणावर चिडल्यात एवढ्या?" सनरूफ दिसलं की त्याचं डोकं फिरायचं. "जळगावच्या मे महिन्यात छताला भोक! डोक्यावर भाकरी भाजायचीय का?" पडद्याला बोट लावून एसी कमी-जास्त करायचा, ह्याचा तर त्याला मनस्वी राग. बटण कसं, न बघता हाताला सापडलं पाहिजे. बोटासाठी रस्त्यावरची नजर काढायची, ह्याला सुधारणा म्हणणाऱ्याला त्यानं लायसन दिलं नसतं.

पण त्याचं सगळ्यात ठाम मत होतं ते ब्रेकबद्दल. सारखा ब्रेक मारणारा ड्रायव्हर त्याच्या लेखी ड्रायव्हरच नव्हे. "ज्याला ब्रेक लागतो, त्यानं पुढं पाहिलेलं नसतं," म्हणायचा. रावेरकडून केळी भरून निघालेला ट्रक दिसला की मुद्दाम त्याच्या मागं राहायचा. केळी दबली की काळी पडतात, म्हणून तो ड्रायव्हर कसा लांबूनच वेग सोडतो, कसा धक्का न देता वळण घेतो, हे मला दाखवायचा. त्याचं स्वतःचं चालवणंही तसंच होतं. जळगावहून धुळ्याला आला तर मोठ्या दिमाखात सांगायचा, "अक्का, आज पारोळ्याला एकदाच ब्रेक लागला, तोही म्हशीसाठी."

अशा माणसाच्या शेजारी मी बसायची. म्हणजे त्यानं बसवली म्हणून. यजमान गेल्यावर महिन्यातून एकदा तो यायचा आणि मला कुठंतरी न्यायचं म्हणून हट्ट धरायचा. आम्ही भावंडं एकमेकांशी मधूनच अहिराणीत बोलायचो. "चाल ना अक्का, मी शे ना. बठ्ठा रस्ता तुनाच शे," म्हणायचा, सगळा रस्ता तुझाच आहे. बसले की माझा उजवा पाय आपोआप खाली जायचा, नसलेला ब्रेक दाबायला. एका फेरीत मी चटईला भोक पाडलं, खोटं नाही सांगत. त्यावर हा हसला नाही. गाडी सरळ धुळ्यातल्या रफिक मेस्त्रींकडे घेऊन गेला. मेस्त्री ड्रायव्हिंग शाळांच्या गाड्यांना शिकवणाऱ्याच्या बाजूचा दुसरा ब्रेक बसवून द्यायचे. तसाच त्यांनी माझ्या पायाशी बसवला. रबर लावलेला खरा ब्रेक! "घे अक्का," विजू म्हणाला, "आता गाडी तुझ्या हातात. म्हणजे पायात."

पहिल्याच दिवशी दोंडाईचाला लग्नाला निघालो. रस्त्याकडेचं एक कुत्रं नुसतं उठून उभं राहिलं, आणि मी दोन्ही पाय घालून ब्रेक दाबला. गाडी किंचाळून जागच्या जागी थांबली आणि मागून येणारा ट्रक आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर आडवा होऊन थांबला. ट्रकवाला खाली उतरून काय काय बोलला ते इथं लिहिता येणार नाही. विजूनं हात जोडले. "जरा कडक बसलाय, रफिकभाईकडून सैल करून आणतो," एवढंच म्हणाला. आणलाही. त्यानंतर ब्रेक छान लागायचा. दाबला की गाडी बेतानं हळू व्हायची, धक्का नाही की काही नाही. फक्त किंचित उशिरा लागायचा. तसं मी त्याला बोललेही. तर म्हणाला, "लांबनी वायर शे ना, अक्का." वायर लांबून येते म्हणे. मी मराठीची बाई, मला वायरीतलं काय कळतंय!

आणि मग, लोकहो, मी फिरले. तोरणमाळ पाहिलं, घाटभर पाय दाबत. प्रकाशाला तापी पाहिली. रावेरच्या मामेबहिणीकडे केळीच्या बागेत राहून आले. भीती गेली असं समजू नका. प्रत्येक फेरीत जीव मुठीत धरूनच बसायचे, पण मुठीत धरायला काहीतरी होतं. त्याचा एकच दंडक होता, मांडीवर पिशवी घ्यायची नाही. "अपघातात पिशवी पोटात घुसते," म्हणायचा मेला, मला आणखी घाबरवायला! मी निमूट मागं टाकायची. आणि जळगावला त्याच्या घरी पोचलो की सुनंदाला ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचा, "आज अक्कानं वाचवलं बरं का." मला ते खरं वाटायचं. एरंडोलजवळ सायकलवाला आडवा आला होता, तो माझ्यामुळे वाचला. पाळधीजवळ बैल बुजला, तो माझ्यामुळे. अशी माझ्या पराक्रमांची मोठी यादी होती, आणि मी ती शाळेतल्या बायकांना ऐकवायची.

तेराव्यानंतर मला धुळ्याला सोडायला मुक्ता निघाली, विजूची मुलगी. पुण्यात नोकरी करते, बापानंच तिला गाडी शिकवली. पोर हुशार आहे, पण शहरी. अहिराणी कळते, बोलत कधी नाही. मी म्हटलं, बाबांच्याच गाडीतून ने, तिथं माझा ब्रेक आहे. बसले. सीटवर त्याच्या केसांच्या तेलाचा वास होता... तो पुसून कसा काढणार. डोळ्यांना पदर लावून, मांडीवर कपड्यांची पिशवी आवळून मी बसून राहिले. आता पिशवी मागं ठेव म्हणणारं कुणी नव्हतं.

पारोळा मागं पडलं आणि डावीकडच्या शेतरस्त्यातून कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर सरळ हायवेवर आला. ना बघितलं, ना हॉर्न. मुक्ता आरशात बघत होती. मी पाहिलं, आणि माझा पाय गेला. पूर्ण दाबला. गाडी जशी होती तशीच चालली. पुन्हा दाबला... काही नाही. काहीच नाही! तो कडबा अंगावर येत होता, मोठा होत होता आणि माझ्या पायाखाली एक लोखंड नुसतं खालीवर होत होतं. मला ओरडताही आलं नाही. मग मुक्तानं पाहिलं, ब्रेक मारला, गाडी हलली, डोलली आणि थांबली. कडब्याच्या दोन काड्या काचेवर टेकल्या होत्या.

"ब्रेक फेल झालेत!" मी दार उघडून रस्त्यावर. "बापाची गाडी खराब झालीय! उतर, उतर आधी!"

"आत्या, अगं थांबली ना गाडी? ब्रेकनंच थांबली."

"माझा नाही लागला! माझा!"

निंबाच्या झाडाखाली मी कितीतरी वेळ उभी होते. तिनं पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. मला पुन्हा त्या गाडीत बसायचं नव्हतं. त्या गाडीत काय, कुठल्याच गाडीत. मनात एकच चाललं होतं, हे आता शेवटचं. घर, गच्ची आणि बिबडे, आता मरेपर्यंत एवढंच. मुक्ता म्हणाली, धुळ्यापर्यंत सायकलच्या वेगानं नेते आणि आधी मेस्त्रींना दाखवू. तशी नेली. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले.

रफिक मेस्त्रींनी आधी विजूसाठी दोन्ही हात वर करून दुआ केली. मग बसून माझ्या पायाशी डोकावले आणि माझ्याकडे बघतच राहिले. "अक्का, हा कुठं बिघडलाय? हा तर जोडलेलाच नाही."

"कधीपासून?"

"सुरुवातीलाच. ते दोंडाईचाचं झालं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी भाऊंनी काढायला लावला. म्हणाले, खालची जोडणी काढ, वर स्प्रिंग ठेव, अक्काच्या पायाला कळता कामा नये."

"काहीतरीच काय? मी दाबला की गाडी हळू व्हायची. कितीतरी वेळा झालीय!"

मेस्त्रींनी हात पुसले. "भाऊ करायचे, अक्का. मला तुमच्या जागेवर बसवून देवपूरच्या रस्त्यानं चकरा मारल्या त्यांनी. म्हणाले, रफिक, न सांगता दाब, मधेच दाब. तुझा गुडघा हलला की मी दाबतो. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. पक्कं बसेपर्यंत मला सोडलं नाही."

मी मटकन तिथल्या स्टुलावर बसले. आधी संताप आला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी तोरणमाळच्या घाटात, तापीच्या पुलावर काहीही हातात नसताना बसले होते! अंगावर सर्रकन काटा आला, जणू त्या सगळ्या फेऱ्या आत्ता एकदम घडत होत्या. आणि हा माणूस रस्ता सोडून माझ्या गुडघ्याकडे बघत होता? मग मांडीवरची पिशवी आठवली... अपघातात पोटात घुसते म्हणे! पिशवी असली की गुडघा दिसला नसता, दुसरं काय. आणि मग मला रडू आलं, जे इतके दिवस यायचं राहिलं होतं ते सगळं, मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये, टायरांच्या मधोमध. जो माणूस पारोळ्याला म्हशीसाठी एकदाच ब्रेक लागला म्हणून मिरवायचा, त्यानं माझ्यासाठी कुत्रं, सायकल, सावली, कागद, कशाकशासाठी ब्रेक मारले असतील. मागचे लोक त्याला शिव्या घालत असतील. काय ड्रायव्हर आहे म्हणत असतील. आणि घरी येऊन सांगायचा, अक्कानं वाचवलं. रडता रडता मी मुक्ताला सगळं सांगितलं, पिशवीचंही आणि वायरीचंही.

"जोडून देऊ का आता?" मेस्त्रींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "मी कुणाला तरी मारीन."

काढूनही टाकू दिला नाही. त्याचं रबर एका बाजूनं पार झिजलंय, माझ्या टाचेच्या बाजूनं नाही, चवड्याच्या. ते बघत बसते कधी कधी, गाडी इथं असली की.

मागच्या आठवड्यात मुक्ता बापाचीच गाडी घेऊन पुन्हा आली, सुनंदाकडे मला न्यायला. मी नाहीच म्हणणार होते. शेवटी सुनंदा एकटी आहे म्हणून निघाले, तिच्यासाठी केलेल्या बिबड्यांची पिशवी घेऊन. गाडीत बसले, दार लागलं, गोळा आला. मुक्तानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"आत्या, ती पिशवी मागं ठेव."

मी ठेवली. गाडी निघाली, पांझरेच्या पुलावर आली आणि एक रिक्षा मधेच घुसली. माझा पाय गेला. खाली काहीही जोडलेलं नाही, हे पक्कं माहीत असून गेला. गाडी बेतानं हळू झाली, धक्का न देता... किंचित उशिरा. मी मान वळवून पाहिलं. मुक्ता सरळ समोर बघत होती.

"लांबनी वायर शे ना, आत्या," ती म्हणाली.