जेट्टीवर अण्णांना चक्कर आली तेव्हा

कांदा फोडला की त्या उग्र वासासरशी मी अजून आगरदांड्याच्या जेट्टीवर जाऊन पोचते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, आणि मी दिघीच्या बोटीची वाट पाहत होतो. बोलता बोलता ते कोसळले. मी त्यांना उठवून बसवलं आणि मागून घट्ट धरलं. भज्यांच्या टपरीवरच्या बाईने कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला. मधूनच ते घोरल्यासारखा मोठा श्वास घेत.

"श्वास हाय गो, घाबरू नको. चक्कर आली असंल," ती म्हणाली. मलाही तेच ऐकायचं होतं. रिक्षा आली तोवर तेही श्वास थांबले होते.

परवा माझ्या शाळेत आम्हा शिक्षकांना प्रथमोपचार शिकवले. रबरी पुतळ्याची छाती दाबून दाखवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणूस बेशुद्ध आहे आणि असा अडखळत घोरतोय, तर त्याला श्वास समजू नका. हृदय थांबलेलं असू शकतं. आडवं ठेवा, लगेच छाती दाबायला लागा."

संध्याकाळी आईने विचारलं, "काय शिकवलं गो?"

"काही विशेष नाही," मी म्हटलं.

पोरीने बापाला शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं, असं ती अजून सगळ्यांना कौतुकाने सांगते.