ब्याऐंशी गुणांची वाईन

देवगाव फाट्यावर पुण्याची एसटी आली तेव्हा अण्णांनी माझी बॅग वर चढवली आणि हळूच म्हणाले, "नोकरी कशाची हाय ते गावात सांगत बसू नको. पण काम इमानानं कर." परभणीत अन्न तंत्रज्ञान शिकलेली त्यांची लेक वाईनच्या दुकानात चालली होती.

मला चव चांगली कळते, म्हणून तिथं घेतलं होतं. पण दुकानात चवीचं कुणी विचारतच नव्हतं. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात शंभरपैकी गुण लटकलेले. गिऱ्हाईक दारातूनच म्हणायचं, "नव्वदच्या वरची दाखवा."

नाशिककडच्या मीराताई स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची वाईन करायच्या. एका परीक्षकानं त्या वाईनला ब्याऐंशी दिले. मी चाखली. पिकलं जांभूळ, मागून थोडा तुरटपणा. लय आवडली. मी हातानं चिठ्ठी लिहून लावली, 'मटणाच्या रश्श्यासोबत घ्या.' दोन दिवसांत चार बाटल्या गेल्या. मालकांनी चिठ्ठी फाडली. "तुमच्या जिभेवर कोण विश्वास ठेवणार, मॅडम? लोकांना आकडा लागतो." सगळा माल मीराताईंकडे परत गेला.

वर्षभरानं एका कंपनीची नवी वाईन आली. त्याच परीक्षकानं तिला एक्याण्णव दिले होते. पहिल्याच घोटाला मी ओळखली. मीराताईंना फोन लावला.

"हो, आमचीच," त्या म्हणाल्या. "पडून होती ती सगळी त्यांनी उचलली, लेबल बदललं. आम्ही वेल उपटलेसुद्धा गं."

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "असेल. विका आता."

आणि मी विकली. रोज पेटी पेटी विकली. मालकांवरचा राग कधीच ओसरला, स्वतःवरचा जात नाही.

दिवाळीत गावी गेले. मायनं ताट वाढलं आणि विचारलं, "आमटीत मीठ बरं हाय का गं?"

माझ्या तोंडून निघालं, "अठ्ठ्याऐंशी."

माय बघतच राहिली. "काय अठ्ठ्याऐंशी? मी मीठ इचारायलेय."

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही हसाल. माझ्यासारखे बाहेर पडलेले हसणार नाहीत. विचारलेल्या गोष्टीचं सरळ उत्तर जिथं अजून चालतं, त्यालाच मी आता घर म्हणते. आणि तिथंसुद्धा मला ते पटकन जमलं नाही.

मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं. मायनं चिमूटभर घातलं आणि पुन्हा वाढलं.