कापलेलं पोस्टकार्ड आणि सुचेतामावशींची गुढी

सुचेतामावशींच्या घरावर गुढी नको, म्हणे! का, तर पोस्टकार्डात ती दिसत नाही. आता हे ऐकून माणसाचं डोकं फिरेल नाही तर काय होईल?

मावशी इंग्लंडात, ब्रिस्टलपासून तासाभरावर, कालव्याकाठच्या एका गावात राहतात. हॉस्पिटलात नर्स म्हणून जन्म काढला. रिटायर झाल्यावर अवधूतकाकांनी हौसेनं हे कालव्यालगतचं घर घेतलं आणि सोबत एक जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांबट, अरुंद बोट. काका गेले, बोट विकली, पण बोट ढकलायची त्यांची लांब काठी मावशींनी ठेवून घेतली. दर पाडव्याला त्याच काठीवर गुढी. "वर्षातून एक दिवस हे घरी आल्यासारखे वाटतात गं," म्हणतात. बाकी काही मागणं नाही बाईचं.

आणि गावाच्या कमिटीला सापडलं शंभर वर्षांपूर्वीचं पोस्टकार्ड! पूल, बोटी, फुलं, ओळीनं घरं. झालं, त्याचा मोठा बोर्ड लावला, चहाच्या मगांवर छापलं. टूरिस्ट यायला हवेत, तर म्हणे गाव हुबेहूब तसंच दिसलं पाहिजे. गेल्या पाडव्याला चेअरमन मिस्टर पेनरोज गोड हसत दारात हजर. "लव्हली आहे हो, पण पुढच्या वर्षी मागच्या बाजूला लावाल का, प्लीज?" मागच्या बाजूला म्हणजे कचऱ्याच्या डब्यांशेजारी! ह्याच गृहस्थाची आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मावशी रोज जाऊन तिला आंघोळ घालत होत्या. आणि तरी मावशीच "सॉरी" म्हणाल्या!

"सॉरी कशाबद्दल, मावशी?" मी भडकले.

"जाऊ दे गं. आपण कशाला कुणाच्या डोळ्यांत खुपायचं?"

मी कसली जाऊ देते! इंटरनेटवर धुंडाळून तेच कार्ड मागवलं. हातात आलं आणि माझं टाळकंच सरकलं. कमिटीनं बोर्डवर डावी बाजू चक्क कापली होती. त्या कापलेल्या बाजूला होतं मावशींचंच घर. दारापासून खांबापर्यंत दोरी, दोरीवर परकर, लांबलचक चड्ड्या, चादरी. आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी एक जाडजूड बाई.

यंदाच्या पाडव्याआधी कमिटीची मीटिंग होती. मावशींना अक्षरशः ओढत नेलं आणि कार्ड टेबलावर आपटलं. "हे चालतं, आणि ह्यांची एक दिवसाची गुढी नाही चालत?"

पेनरोजसाहेबांनी चष्मा लावून पाहिलं. कान लाल झाले. मग म्हणाले, "हो, पण ती बाई इथली होती."

माझ्या तोंडात अस्सल शिवी आली होती, पण तेवढ्यात मावशी उठल्या. आवाज जराही चढवला नाही. "तुमच्या आईला आंघोळ घालायला यायचे," त्यांनी विचारलं, "तेव्हा मी कुठली होते?"

पेनरोजसाहेब कार्ड उलटंसुलटं करत बसले. आम्ही कोट घातले आणि घरी आलो.

पाडव्याला गुढी पुढच्या दारातच उभी राहिली, काकांच्या काठीवर. मिस्टर पेनरोज पुलावरून गेले ते मान खाली घालून. उन्हं कलल्यावर मावशी गुढी उतरवायला लागल्या. मी म्हटलं, "राहू दे ना, बघू देत त्यांना!"

"वेडी आहेस का? सूर्यास्ताआधी उतरवतात. ती आपली पद्धत आहे, त्यांच्यासाठी नाही उतरवत मी."

मी त्यांच्याकडेच राहिले होते. सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि बघतच राहिले. दारापासून खांबापर्यंत नवीकोरी दोरी, दोरीवर मावशींचे धुतलेले परकर ओळीनं वाळत घातलेले. आणि मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या.

"बघ गं," म्हणाल्या, "आता जुळतंय का कार्डाशी?"